आडनाव सांगून केलेला मुक्काम

मुंबईत मी आजवर पुष्कळ रात्री काढल्या. त्यांतल्या बहुतेक शिवाजी पार्कच्या मैदानावर. महापरिनिर्वाण दिनासाठी मिरजेहून रेल्वेत बसायचे, दादरला उतरायचे, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे आणि रात्री मंडपात सतरंजी अंथरून, भाकरीचे गाठोडे उशाला घेऊन पडायचे. कधी नायगावच्या बी.डी.डी. चाळीत मामांच्या खोलीवर मुक्काम. खोली १६० चौरस फुटांची आणि झोपणारी माणसे अकरा. पुरुष मंडळी बाहेर पॅसेजमध्ये. आमची मुंबई ती एवढीच.

मी दहा-बारा वर्षांची असताना मामांनी एकदा आम्हा पोरांना गेटवे ऑफ इंडिया दाखवायला नेले होते. समुद्राकडे पाठ करून आम्ही कठड्यावर बसलो आणि चणे खात समोरची ती घुमटाची इमारत पाहत राहिलो.

"मामा, इथं कोण राहतं?"

"साहेब लोक."

"आणि आपण गेलो तर?"

मामा गोदीत हमाली करायचे. खांद्यावरचा टॉवेल झटकून ते म्हणाले, "आपण हितनं बघायचं. बघायला पैसं पडत न्हाईत."

त्याच इमारतीत, ताजमहाल हॉटेलात, गेल्या हिवाळ्यात मी एक रात्र राहून आले. याविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न बरेच दिवस मनात होता. मोठेपणा मिरवल्यासारखे होईल, असे वाटे. पण त्या रात्री आम्हा मायलेकींत जे बोलणे झाले, ते आपल्या समाजातल्या अनेक घरांत व्हायचे राहून गेले आहे, असे मला वाटते. म्हणून लिहिते.

आमचे घर सांगलीत. आमचे हे एस.टी.त मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. मी अंगणवाडी सेविका. मुलगी एकच, ती शिकून आर्किटेक्ट झाली आणि मुंबईत नोकरीला लागली. शेजारणी विचारतात, "म्हणजे वास्तुशास्त्रवाली का?" मी सांगते, "नाही हो. ते दिशा बघून दार फोडायला सांगणारे वेगळे. हिचे काम गणिताचे." आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली तेव्हा तिने फोन केला. म्हणाली, "आई, एक रात्र तुम्हा दोघांना ताजमध्ये ठेवणार आहे. मीही येणार. पैसे भरून झाले आहेत, आता नाही म्हणू नका."

किती पैसे, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. मी मात्र मनात हिशेब करीत होते. तेवढ्यात विहारातल्या अभ्यासिकेला पंखे आले असते, पुस्तके आली असती. हे म्हणाले, "अभ्यासिकेला आपण देऊच. पण पोरीनं हौसेनं दिलंय, तर तोंड वाकडं करू नको." आणि भाकरी, शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो.

रात्री कऱ्हाड गेल्यावर मी उठून खिडकीशी बसले. ही माझी जुनी सवय आहे. कऱ्हाडनंतर थोड्याच वेळात मसूरचे स्टेशन येते. आमची गाडी तिथे थांबत नाही. फलाटावरचे चार दिवे झरकन मागे जातात. तेवढ्यात हात जोडायचे.

मसूरची गोष्ट आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते, तरी थोडक्यात सांगते. सन १९०१ चा उन्हाळा. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झालेला भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे, अशी मुले नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघाली आणि मसूरला उतरली. स्टेशनमास्तरने जात विचारली. मुलांनी खरी सांगितली. मग एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायचे कबूल करून मुले निघाली. वाटेत रात्र पडली. टोलनाक्यावर पाणी मागताना दहा वर्षांच्या भीमरावाने आपण मुसलमान आहोत, असे सांगितले, उर्दूत बोलून दाखवले. तरी पाणी मिळाले नाही. डब्यात अन्न होते, पण मुले तहानलेलीच झोपली.

लहानपणी मला या गोष्टीतले गाडीवान आणि टोलवाला यांचा राग यायचा. मोठेपणी मात्र एकच गोष्ट मनात रुतून बसली. खरे बोलायचे संस्कार झालेल्या त्या मुलाला घोटभर पाण्यासाठी आपली ओळख लपवावी लागली. ही गोष्ट मला एवढी का लागते, ते पुढे सांगते.

सकाळी दादरला उतरलो. मुलगी घ्यायला आली होती. आधी चैत्यभूमीवर गेलो. गर्दी नसलेली चैत्यभूमी मी प्रथमच पाहिली. मग हिंदू कॉलनीत जाऊन राजगृह बाहेरून पाहिले. मुलगी म्हणाली, "आई, बाबासाहेबांनी हे घर बांधलं ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. माझ्या कॉलेजात पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमची आवडती इमारत कोणती. मी राजगृह सांगितलं. सगळ्यांनी परदेशातली नावं सांगितली होती."

दुपारी टॅक्सीने अपोलो बंदरला आलो. मामा बसले होते तो कठडा मी नजरेने शोधला. मग हॉटेलच्या दाराशी तपासणी. विमानतळावर असते तसे यंत्र. आमची पिशवी त्यातून गेली. मी घाबरले, आता भाकरी बाहेर काढायला लावतात की काय. पण पलीकडच्या मुलाने हसून पिशवी हातात दिली.

आत गेल्यावर प्रथम मी खाली बघत चालले. फरशी इतकी चकचकीत की पाय घसरेल असे वाटत होते. मुलगी म्हणाली, "आई, वर बघ." आणि तिने आम्हांला त्या मोठ्या जिन्याखाली नेऊन उभे केले.

वाचक बंधू-भगिनींनो, तो जिना पाहण्यासारखा आहे. वर उंच घुमट आणि खाली मधल्या रिकाम्या जागेभोवती चढत गेलेला जिना. पायऱ्यांच्या खाली खांब नाही, टेकू नाही. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत पक्के रोवलेले आणि दुसरे टोक अधांतरी. मुलीने समजावून सांगितले. ह्यांनी खाली वाकून नीट पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे बसचं मागचं चाक संपल्यावर बॉडी मागे बाहेर येते, तसंच. पुढचं वजन तिला धरून ठेवतं." मुलगी हसली. "पप्पा, मला हेच शिकायला एक वर्ष लागलं."

या इमारतीची माहिती तिच्या तोंडून ऐकताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. मी समजत होते, हे सगळे काम गोऱ्या साहेबाचे. पण याचा आराखडा आखणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी माणूस होता, त्याच्याबरोबर डी. एन. मिर्झा. वैद्य वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने काम पुरे केले. जिन्याचे श्रेय सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर या ठेकेदाराला देतात. पैसा जमशेटजी टाटांचा. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. समोरचे गेटवे त्याच्यानंतर एकवीस वर्षांनी, १९२४ साली खुले झाले. शेजारचा उंच मनोरा १९७३ सालचा. इंग्रजांचे राज्य असताना, मुसलमानी घुमट, राजपूत कमानी आणि युरोपातले कोरीवकाम एकत्र करून एवढी मोठी इमारत समुद्रासमोर उभी करायची, हे त्या काळात धाडसच होते. पाट्या वाहणाऱ्यांची नावे मात्र अशा इमारतींच्या इतिहासात कधी येत नाहीत.

जमशेटजींना गोऱ्यांच्या एका हॉटेलाने आत घेतले नाही, म्हणून त्यांनी हे हॉटेल बांधले, अशी कथा सांगतात. त्या कथेला पक्का पुरावा नाही, असे मुलगी म्हणाली. पण लोकांना ती खरी वाटते, कारण अपमान झालेला माणूस मोठे काहीतरी बांधतो, हे लोकांनी पाहिलेले असते.

मग आम्ही नाव नोंदवायला गेलो. तिथल्या मुलीने आमची आधार कार्डे मागितली. नाव वाचून संगणकावर उतरवताना तिने विचारले, "आडनाव?" स्पेलिंग नीट लागत नसावे. माझ्या मुलीने मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून सांगितले. कांबळे.

माझ्या पोटात गोळा आला. समोरच्या मुलीने फक्त मान हलवली, किल्ली दिली आणि म्हणाली, "वेलकम, मिसेस कांबळे." झाले ते एवढेच. पण माझे पाय जागचे हलेनात. मी २८-३० वर्षे मागे गेले होते.

सन १९९६. माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिच्या हृदयाला छिद्र निघाले आणि ऑपरेशनसाठी आम्ही तिला पुण्याला नेले. दवाखान्याजवळ एक धर्मशाळा होती. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आमचे आडनाव ऐकून "जागा नाही" असे उत्तर मिळाले होते आणि आमच्यामागून आलेल्या कुटुंबाला जागा मिळालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. धर्मशाळेच्या टेबलावर बसलेल्या माणसाने वही उघडून विचारले, "आडनाव?" ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मीच बोलले, "पाटील."

तेव्हा माझी मुलगी नुकतीच आपले पूर्ण नाव लिहायला शिकली होती. ती मान वर करून मोठ्याने म्हणाली, "आई, आपण कांबळे ना?"

मी तिला चिमटा काढला. दंडाला, जोरात. आजारी पोराला. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या माणसाने ऐकले की नाही, कोण जाणे. त्याने पाटील लिहिले आणि खोली दिली. नऊ दिवस आम्ही तिथे पाटील म्हणून राहिलो. भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांची छोटी तसबीर मी नेहमी बरोबर नेते. ती नऊ दिवस ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. खोट्या आडनावाने राहिले म्हणून नव्हे, तर त्या तसबिरीला अंधारात ठेवले म्हणून मी तिथे रोज रात्री रडत असे.

त्या धर्मशाळेने आम्हांला नाकारले नव्हते. नाकारायची पाळीच आम्ही येऊ दिली नाही. भीती आमच्या आधी तिथे जाऊन बसली होती.

बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात हेच भोगावे लागले. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा विद्वान, बडोदा सरकारचा अधिकारी, पण राहायला जागा नाही. एका पारशी विश्रामगृहात दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. बाबासाहेब पाच तास एका बागेत बसून होते. अस्पृश्यतेचे विष हिंदूंपुरते राहत नाही, ते शेजारच्या धर्माच्या माणसालाही चढते, हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. मसूरच्या वाटेवर एक नाव, बडोद्यात दुसरे नाव. आणि त्याच महामानवाने पुढे संविधान दिले, त्याच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. हॉटेल हा शब्द त्या कलमात आहे. १९५५ साली अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला, त्यात धर्मशाळेचेही नाव आले. आणि १९५६ च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब नागपूरला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम श्याम हॉटेलात होता, स्वतःच्या नावाने.

म्हणजे १९९६ साली माझ्या बाजूने कायदा होता. मला तो ठाऊकही होता, कारण विहारात मीच बायकांना सांगत असे. पण आजारी पोर कडेवर असताना माणूस कायदा बघत नाही, रात्रीचे छप्पर बघतो.

खोलीत गेलो. खिडकीतून गेटवे आणि समुद्रातल्या होड्या दिसत होत्या. मी पहिले काम केले ते तसबीर काढून टेबलावर ठेवण्याचे. बरोबर मेणबत्ती होती, पण ती पेटवली की भोंगा वाजेल, असे मुलगी म्हणाली. म्हणून तशीच हात जोडून त्रिशरण म्हटले. थोड्या वेळाने टॉवेल बदलायला एक पोरगा आला. काम करता करता त्याची नजर टेबलाकडे गेली. तो सरळ उभा राहिला, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "जयभीम, काकी. कुठले तुम्ही?"

"सांगलीचे. आणि तू?"

"माणमधला. म्हसवडकडं." एवढेच बोलून तो गेला. जाताना माझ्या उशाशी पाण्याच्या दोन बाटल्या जास्त ठेवून गेला. त्या बाटल्या बघून मला टोलनाका आठवला आणि डोळे भरून आले.

संध्याकाळी खाली फिरताना एक स्मारक पाहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात या हॉटेलात ३१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पाहुणे होते, तसे इथले कर्मचारीही होते. पाहुण्यांना मागच्या वाटेने बाहेर काढताना त्यांतल्या कित्येकांनी प्राण दिले. २६ नोव्हेंबर हा आपला संविधान दिन. गोळ्या सुटत असताना कोणी कोणाचे आडनाव विचारले नसेल. हे म्हणाले, "माणूस म्हणून वागायला एवढा मोठा प्रसंग कशाला यायला पाहिजे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

जेवण आम्ही खोलीतच केले. भाकरी आणि चटणी. मुलीने वरून भाजी मागवली. त्या भाजीच्या किमतीत सांगलीत आठवडाभराचा बाजार झाला असता, पण मी गप्प बसले.

हे झोपले. आम्ही दोघी खिडकीशी बसलो. मी धीर केला आणि म्हणाले, "तुला पुण्याची धर्मशाळा आठवते?"

ती म्हणाली, "चिमटा आठवतो."

मी म्हणाले, "चुकले माझे, पोरी. तेव्हाच सांगायला पाहिजे होते. ऑपरेशन झाले, मग शाळा सुरू झाली, मग रोज उद्यावर टाकत राहिले."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मला बरीच वर्षं वाटायचं, आपल्या नावात काहीतरी वाईट आहे म्हणून तू चिमटा काढलास. शाळेत हजेरीला नाव आलं की मी हळूच 'हजर' म्हणायचे. कॉलेजात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं, त्या दिवशी कळलं, तू माझ्यावर रागावली नव्हतीस. घाबरली होतीस."

हे ऐकून मला जे वाटले ते लिहिता येत नाही. माझा एक चिमटा माझ्या मुलीने इतकी वर्षे जपून ठेवला होता, आणि त्याचा अर्थ तिला एकटीला, पुस्तकातून शोधावा लागला.

मग तिने दुसरे सांगितले, जे तिने आजवर आमच्यापासून लपवले होते. मुंबईत भाड्याचे घर शोधताना तिला चार ठिकाणी आडनाव विचारले. कोणी तोंडावर नाही म्हटले नाही. कोणी म्हणाले, "मालकांचा विचार बदलला." कोणी म्हणाले, "सोसायटीला शाकाहारी पाहिजेत." एका दलालाने सल्ला दिला, "मॅडम, नुसतं पहिलं नाव सांगा." ती म्हणाली, "मी पूर्ण नाव सांगत राहिले. पाचव्या ठिकाणी घर मिळालं. ऑफिसपासून दीड तास लांब आहे, पण दारावर पाटी माझ्या नावाची आहे."

मी तिला विचारले, "मग या हॉटेलात कसं कोणी काही विचारलं नाही?"

ती म्हणाली, "इथं एका रात्रीचे पैसे भरले की झालं, आई. सकाळी आपण जाणार. शेजारी म्हणून राहणार नाही. घर भाड्यानं मागितलं की लोकांना आपण शेजारी दिसतो."

यावर मी खूप विचार केला आहे. पंधराव्या कलमातल्या यादीत हॉटेल आहे, विहीर आहे, तळे आहे, रस्ता आहे. भाड्याच्या घराचा शब्द त्या यादीत नाही. चवदार तळ्यापासून सुरू झालेली वाट आता सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबली आहे. आपली शिकलेली मुले मुंबई-पुण्यात रोज त्या फाटकाशी उभी असतात आणि आपल्याला काळजी नको म्हणून फोनवर "सगळं ठीक आहे" असे सांगतात. त्यांना विचारा. घर कसे मिळाले, किती ठिकाणी नाही म्हणाले, नाव पूर्ण सांगितले का, हे आईबापांनी विचारले पाहिजे. आणि कोणी भीतीने नाव लपवले असेल, तर त्याला हिणवू नका. मीही लपवले होते. पण लपवल्याचे ओझे लेकरांच्या डोक्यावर बिनबोलता ठेवू नका. चूक झाली असेल तर ती त्यांच्याजवळ कबूल करा. मी तिशीपार केलेल्या लेकीजवळ केली. तुम्ही एवढा उशीर करू नका.

सकाळी निघण्याआधी ह्यांनी जिना पुन्हा एकदा खालून पाहून घेतला. मी कठड्यापाशी गेले आणि समुद्राकडे पाठ करून थोडा वेळ बसले. शेजारी एक कुटुंब फोटो काढत होते. त्यांच्यातली लहान मुलगी हॉटेलकडे बोट दाखवून आपल्या आजीला काहीतरी विचारीत होती. आजी काय म्हणाली, ते समुद्राच्या वाऱ्यात ऐकू आले नाही.

सांगलीला परत आल्यावर ठरल्याप्रमाणे अभ्यासिकेसाठी आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे दान दिले. पावतीवर नाव घालताना विहारातल्या मुलाने विचारले, "काकी, गुप्तदान लिहू की नाव घालू?"

मी म्हणाले, "नाव घाल बाळ. पूर्ण घाल, आडनावासकट."

जयभीम.